चबुतऱ्याच्या बागेतला पुंजाराम

बागेत फिरायला येणारा माणूस फिरायलाच येतो, यावर पुंजाराम जमादाराचा विश्वास नव्हता. माणूस बागेत येतो तो काहीतरी न्यायला, अशी त्याची पक्की समजूत होती. कोणी फूल नेतो, कोणी कलम नेतो, कोणी नळाची तोटी नेतो. यातलं काहीच ज्याला जमत नाही तो जाताना निदान कुंपणाची तार तरी वाकवून जातो. म्हणून आत येणाऱ्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. बघायचा तो बाहेर पडणाऱ्याकडे. ‘आत येते तवा सारेच साव असते बाई,’ तो मला एकदा म्हणाला, ‘पाहाचं असन तं जातानी पाहावं.’

मी सत्तावन्न सालच्या जूनमध्ये पुसदहून यवतमाळला आले, मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून. बागेच्या दक्षिण कुंपणाला लागून शांतावहिनींचं घर होतं, त्याच्या माडीवरची एक खोली मला मिळाली. नागपूरकडचं राज्य जाऊन मुंबईकडचं आलं होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि बागेच्या फाटकावर नवी पाटी नुकतीच लागली होती. तिचा रंग अजून हाताला लागायचा. पाटीवर बागेचं जे नाव होतं ते गावात कोणीच घेत नसे. सगळे चबुतऱ्याची बाग म्हणायचे. मधोमध एक दगडी चबुतरा होता, त्यावर पूर्वी कोण्या गोऱ्या साहेबाच्या नावाचा संगमरवर होता. स्वातंत्र्य आल्यावर तो काढला आणि त्या जागी काय बसवायचं यावर लोकांचं काही केल्या एकमत होईना, म्हणून चबुतरा रिकामाच. रिकामा असला तरी त्यावर बसायची सोय नव्हती, कारण पुंजाराम उठवायचा. कोणासाठी राखून ठेवलाय, असं मी विचारलं तर म्हणाला, ‘मले काय मालूम? पण जो येईन थो मले विचारन ना, हे कोनं घासलं म्हनून.’

पहिल्याच आठवड्यात त्याने मला चोर ठरवलं. संध्याकाळी मी बागेतून निघाले होते. वेणीत मोगऱ्याचा गजरा होता. फाटकाशी एक बुटका, कमरेत वाकलेला, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस आडवा आला.

‘हा मोगरा कुठचा बाई?’

‘बाजारातला.’

‘बाजारात कोनाचा?’

मी काही उत्तर देणार तोवर त्याने मान वाकडी करून दुरूनच वास घेतला. ‘एकेरी हाय,’ तो स्वतःशीच म्हणाला. ‘आमचा बटमोगरा हाय. जा तुम्ही.’ आणि बाजूला झाला. सुटल्याचं समाधान व्हायचं सोडून मला असा संताप आला की मी चार दिवस बागेत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी गेले, तर तो म्हणाला, ‘चार दिवस कुठं गेल्या होत्या?’ म्हणजे त्याचाही त्याला संशय.

पुरुषांच्या हाताचा तो सरळ वास घ्यायचा. त्यातून कोणी सुटलं नाही. वकील नाही, डॉक्टर नाही, पांढऱ्या टोपीतले पुढारीही नाहीत. बायकांच्या बाबतीत मात्र हात दाखवा म्हणणं त्याला शोभलं नसतं, तिथे तो पायांवर भिस्त ठेवायचा. जन्म सगळा वाकून काढलेला, त्यामुळे माणसाचा चेहरा त्याच्या फारसा लक्षात राहत नसे, पण पाय एकदा पाहिले की विसरत नसे. हरतालिकेच्या दिवशी बायका पत्रीसाठी बागेत यायच्या. तोडायला कोणाला मुभा नव्हती. पुंजाराम स्वतः कात्री घेऊन बसायचा आणि प्रत्येकीच्या परडीत एकेका झाडाचं मोजकं पान टाकायचा. एका मोठ्या घरच्या बाई सकाळी पत्री घेऊन गेल्या आणि तासाभराने पदर पुढे ओढून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागेच होते. पुंजाराम खालीच बघत म्हणाला, ‘सकाऊन हिरवं लुगडं होतं, आता निळं हाय. पाय तेच हायेत जी.’ बाईंनी पुढे वर्षभर त्याची सगळीकडे निंदा केली. त्याने मात्र त्यांना पुढच्या हरतालिकेला सर्वांआधी पत्री दिली. म्हणाला, ‘लवकर घेतली की लवकर जाते.’

छत्रीची गोष्ट तर अर्ध्या यवतमाळला ठाऊक होती. एक निवृत्त अधिकारी रोज सकाळी बागेत चार फेऱ्या घालायचे. दिवस थंडीचे, आभाळ निरभ्र, आणि साहेबांच्या हातात मिटलेली छत्री. ‘पाऊस नाही, ऊन नाही, छत्री कायले?’ एवढं एक पुंजारामच्या डोक्यात बसलं. तीन दिवस तो त्यांच्या मागे मागे झारी घेऊन फिरला. चौथ्या दिवशी फाटकाशी त्याने छत्री मागितली आणि उघडली. आतून गुलाबाची पाच कलमं पडली. साहेब मोठे, त्यामुळे बोलणी पुंजारामलाच बसली. नगरपालिकेत बोलावून माफी मागायला लावली. त्याने हात जोडून मागितली. ‘माफ करा साहेब,’ तो म्हणाला, ‘तुमच्या छत्रीले गुलाब आले, त्यात माही काय चुकी नाही, तुमचीबी नाही.’

या बागेचा इतिहास त्याच्याकडे होता, पण तो पाटीवरच्या इतिहासाशी जुळत नव्हता. पाटीवर गोऱ्या साहेबाने बाग वसवली असं होतं. ‘साहेबानं बोट दाखवलं,’ पुंजाराम म्हणायचा, ‘बाग लावली माह्या बापानं.’ ही जागा आधी निव्वळ मुरमाड माळ होता. बापाने कावडीने पाणी वाहिलं, आणि दहा वर्षांचा झाल्यावर पुंजारामनेही वाहिलं. कमरेतला तो बाक त्या कावडीचाच. अष्टकोनी बँडस्टँडवर शनिवारी पोलिसांचा बँड वाजायचा, ते त्याने पाहिलं होतं. कारंज्यात एक दगडी बगळा होता, त्याच्या चोचीतून पाणी यायचं, तेही पाहिलं होतं. माझ्या वेळेला बगळा कोरडा होता आणि त्याची अर्धी चोच कोणीतरी नेली होती. कोणी नेली, याबद्दल पुंजारामला एकूण चौदा माणसांचा संशय होता. बापाच्या हातचं म्हणावं असं बागेत एकच झाड उरलं होतं, विहिरीजवळची जुनी बकुळ. तिला वाळवी लागली आणि दोन वर्षांत ती वठली. ती तोडली त्या दिवशी पुंजाराम कोणाशी बोलला नाही, कोणाचा हात हुंगला नाही. लोक फुलं घेऊन गेले असतील तर त्याच दिवशी.

त्याची बायको कधीच वारलेली होती आणि मुलगी राळेगावकडे दिलेली होती. विहिरीशेजारच्या खोपटात तो एकटाच राहायचा. इतका संशयी माणूस मला खरं तर असह्य व्हायला हवा होता. पण झालं उलटंच. दोन वर्षांत मीही माणसांच्या हातांकडे बघायला लागले. शाळेत खडू कमी झाले की कोणाची बोटं पांढरी आहेत ते आधी पाहायची. शेजारच्या खोलीत कुजबुज झाली की ती माझ्याबद्दलच, असं वाटायचं. ही सवय मला त्याच्याकडून लागली, असं म्हणून मी मोकळी होऊ शकते, पण खरं ते खरं, ती माझ्यात होतीच. त्याने फक्त तिला पाणी घातलं.

जुन्या बकुळीच्या बिया त्याने राखल्या होत्या. खोपटाच्या दारात डबड्यांत त्यांची रोपं लावली होती, ती मी पाहिली होती. नंतर एके दिवशी डबडी रिकामी दिसली. मी विचारलं, रोपांचं काय झालं. ‘मेले,’ तो म्हणाला. सगळ्यांना त्याने हेच सांगितलं. ती मेलेली नव्हती. बँडस्टँडच्या मागे, जिथे कोणी फिरकत नाही, तिथे त्याने ती नऊ रोपं पावसाळ्यात लावून टाकली होती आणि प्रत्येकावर बाभळीच्या काट्यांचा ढीग रचला होता. लोकांना कळलं तर उपटून नेतील, ही भीती. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवते. त्याच्या बापाच्या झाडाचं जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं.

मग माझा तिथला पाचवा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस पडला तो नावाला. होळीपर्यंत गावातल्या विहिरी तळाला गेल्या. बागेच्या विहिरीला जिवंत झरा होता, तेव्हा नगरपालिकेने हुकूम काढला की या विहिरीचं पाणी फक्त माणसांना, झाडांना एक थेंब घालायचा नाही. विहिरीवर चपराशी बसला. घरटी दोन गुंड पाणी, पितळी गुंड घेऊन बायका पहाटेपासून रांगेत. पुंजारामने हुज्जत घातली नाही. ‘मानसाले पानी पाह्यजेच,’ तो म्हणाला, ‘मी कुठं नाही म्हनून राह्यलो?’ महिन्याभरात हिरवळ गेली, गुलाबाचे ताटवे गेले, मोगरा काडीसारखा झाला. तो रोज सकाळी मेलेली झाडं उपटून एका कडेला रचायचा. मला त्याची दया यायची आणि त्याच वेळी वाटायचं, हा माणूस इतका शांत कसा? याच्या मनात काहीतरी आहे.

एप्रिलच्या अखेरीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवसांत बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. शाळेला सुट्टी लागलेली. मी खिडकीला ओलं पोतं लावून पडले होते. ते जरा बाजूला केलं तर बँडस्टँडच्या मागे पुंजाराम दिसला. इकडेतिकडे बघत तो खड्डा खणत होता. मग त्याने एक मडकं त्यात ठेवलं, गळ्यापर्यंत पुरलं, तोंडाला लाल फडकं बांधलं, भोवती राख आणि काहीतरी पिवळं टाकलं, वरून सपाट दगड ठेवला आणि माती सारली. दुसऱ्या दिवशी दुसरं. असं मी रोज पाहिलं. मडकी नऊ झाली.

शांतावहिनी संध्याकाळी अंगणात पाणी गाळत होत्या. मी म्हटलं, ‘वहिनी, जमादार भर दुपारी मडकी पुरतो. लाल फडकं बांधून. राख आणि हळदही टाकतो.’

त्यांचा हात थांबला. ‘किती?’

‘नऊ.’

‘नऊ ग्रह,’ वहिनी म्हणाल्या. ‘आता काय बोलावं माय?’

एवढंच बोलणं झालं. मला वाईट काही करायचं नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण त्या वेळी सांगताना मला मजा आली होती, हेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं गावाला पकडणाऱ्या माणसाला मी पकडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत ही गोष्ट करणी म्हणून फिरली. तिसऱ्या दिवशी रांगेतली एक बाई उन्हाने चक्कर येऊन विहिरीपाशी पडली. मग कोणाला पुरावा लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी वीसपंचवीस माणसं कुदळी घेऊन बँडस्टँडच्या मागे गेली. मी धावत खाली उतरले.

पहिलं मडकं निघालं, लाल फडक्यासकट. बायका मागे सरल्या. समोरच्या सायकलच्या दुकानातले हमीदभाई गर्दीतून पुढे आले, त्यांनी फडकं सोडलं आणि आत हात घातला. ‘अरे भाऊ, पानी हाय यात. निरा पानी.’

‘मंतरलेलं असन,’ कोणीतरी ओरडलं.

‘कायचं मंतरलेलं? मातीचं कोरं मडकं हाय, पानी पाझरते झाडाले. हे पाहा ना, रोप हाय इथं!’ हमीदभाईंनी काटे बाजूला केले. काट्यांखाली वीतभर बकुळ होती, तुकतुकीत पानांची. राख आणि हळद वाळवीसाठी होती. लाल फडकं एका मंत्र्याच्या स्वागताच्या कमानीचं होतं, पालिकेच्या कोठीत पडलेलं. आणि पाणी पुंजारामच्या वाट्याच्या दोन गुंडांमधलं होतं. एक गुंड तो वापरत होता, दुसरा या रोपांना देत होता. दोन वाक्यांत सगळा उलगडा झाला असता. पण ती वाक्यं त्याने कोणाला सांगितली नव्हती, आणि आता ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. कुदळी चालूच राहिल्या. मडकं फुटायचं, पाणी जमिनीत जायचं, आणि वरून पाय पडायचे.

पुंजाराम लिंबाखाली उभा होता. अडवायला आला नाही, ओरडला नाही. सात मडकी फुटल्यावर नगरपालिकेचे साहेब आले. त्यांनी विचारलं, ‘किती पुरली होती?’

‘सात जी.’

‘खरं सांग.’

‘सात.’

शांतावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना नऊ सांगितली होती. मी पुढे होऊन म्हणाले, ‘मीही सातच पाहिली. नऊ म्हटलं ते माझं चुकलं.’ शिक्षिकेचा शब्द, तो चालला. उरलेली दोन मडकी तिथेच मागे, खताच्या खड्ड्याजवळच्या काट्यांच्या मोठ्या ढिगाखाली होती, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पुंजारामने मान वर केली. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्या पायांऐवजी चेहऱ्याकडे पाहिलं असावं.

साहेबांना करणी वगैरे पटलं नव्हतं. पण पाणी वाट्याचं असलं तरी विहिरीचंच, आणि हुकूम मोडला तो मोडलाच. शिवाय हा माणूस विहिरीजवळ नको, असं बायका म्हणत होत्या. त्याची बदली गावाबाहेरच्या कोंडवाड्यावर झाली, मोकाट गुरं सांभाळायला. खोपटं आठ दिवसांत रिकामं करायचं होतं.

निघायच्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला, वर काही केल्या येईना. मीच खाली गेले.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘थे जागा निस्ती तुमच्याच खिडकीतून दिसते.’

‘हो जमादार. मीच सांगितलं,’ मी म्हणाले. ‘मला माहीत नव्हतं ती रोपं आहेत. तुम्ही तर मेली म्हणालात.’

‘म्हटलं,’ तो म्हणाला. ‘मी तुमाले खरं नाही सांगितलं, मंग तुमाले खरं दिसन कसं? कोनालेच नाही सांगितलं मी.’ मग त्याने डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. ‘दोन वाचले हायेत. पानी लागन पाऊस येतवर. तिसऱ्या रोजी एकेका मडक्यात दोन तांबे. फडकं घट्ट बांधजा, नाही तं उनानं उडते. मले आता फाटकात येऊ नाही देनार चपराशी.’

‘घालीन,’ मी म्हणाले.

‘कोनाले सांगू नका.’

‘नाही.’

त्याचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. दुसरा इलाज नव्हता म्हणून तो आला होता, हे मला दिसत होतं. मी दुखावले नाही, कारण तो हक्क मी गमावला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी माझ्या वाट्याच्या पाण्यातून फिरकीचा तांब्या भरला, पिशवीत घातला आणि निघाले. चार तांब्यांसाठी चार खेपा. आयुष्यात मी काही चोरलेलं नाही, पण चोराला कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. चपराशी लिंबाखाली झोपला होता, तो जागाच आहे असं वाटत होतं. बंद खिडक्यांच्या मागे डोळे आहेत असं वाटत होतं. काट्यांनी हात ओरबाडले. दोन्ही मडकी भरून, फडकी बांधून, दगड ठेवून मी कंबर सरळ केली आणि कुंपणापलीकडे पाहिलं.

रस्त्यापलीकडे हमीदभाईंच्या दुकानाच्या छपराखाली पुंजाराम उभा होता. एवढ्या उन्हात कोंडवाड्यापासून चालत आला होता, अनवाणी. हात छातीशी बांधून तो बघत होता, मी खरंच पाणी घालते का ते. मी पाहिलं हे त्याला कळलं, पण तो हसला नाही, हातही केला नाही. दोन्ही दगड नीट बसलेत याची खात्री करून घेतल्यासारखं त्याने एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं आणि वळून चालायला लागला.

पुढचं सांगायचं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला, आणि दोन्ही बकुळी जगल्या. पुंजाराम पुढे वर्षभरात नोकरी सोडून मुलीकडे राळेगावला गेला, ते मला हमीदभाईंकडून कळलं. पण माझ्या मनात राहिलाय तो त्याआधीचा एक दिवस, पाणी घालायची दुसरी पाळी. तशाच चार खेपा, तसेच काटे. त्या दिवशी मडकी भरून झाल्यावर मी मुद्दाम थांबले. दगड पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. ऊन डोक्यात जात होतं. छपराखाली हमीदभाई एकटेच चाकाला हवा भरत बसले होते. मी अर्धा तास उभी होते. तो आला नाही. तिसऱ्या पाळीलाही आला नाही, चौथ्यालाही नाही, आणि पाऊस येईपर्यंत एकदाही तपासायला आला नाही.